साहेबांची गाडी जेवायला गेली

परभणीहून परत येऊन पंधरवडा झाला, पण माझा राग काही उतरत नाही. जो भेटेल त्याला मी ही हकीकत सांगते, आणि तो अर्धी ऐकून काढता पाय घेतो. शेवटी नवरा म्हणाला, "अगं, लिहून काढ एकदाची, म्हणजे आमचा तरी जीव सुटेल." म्हणून लिहायला बसले. हे वाचून कुणी परभणी जिल्ह्यात जायचं टाळावं असं मात्र नाही हं. जरूर जा. भाकरी खा, येलदरीचं पाणी बघा, माणसांशी बोला. पण एका बाईचा जीव माझ्या डोळ्यांदेखत जाता जाता राहिला, आणि तो कशापायी, तर मानापायी! ते सांगितल्याशिवाय मला घास गोड लागायचा नाही.

मी मिरजेची. वायरलेस सेट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात काम करते. गाड्यांत यंत्रं बसवायची आणि ती वापरायला शिकवायची, हे माझं काम. त्यातलं एक यंत्र म्हणजे गाडीतला रिपीटर. हातातल्या वॉकीटॉकीत जोर तो केवढा! मध्ये एखादी टेकडी आली की बोलणं खुंटलं. मग उंचावर गाडी उभी करायची. तिच्यातलं यंत्र हातातल्या सेटचं बोलणं उचलतं आणि मोठ्या जोरानं पुन्हा हवेत सोडतं. टेकडीच्या अलीकडचा आणि पलीकडचा असे एकमेकांना ऐकू येतात. म्हणजे हे सेट आपसात बोलतात असं वाटतं, पण खरं बोलतात ते गाडीशी. गाडी नाही तर सगळे मुके.

यंत्रावर एक खटका असतो. त्याला तीन घरं. 'बंद' म्हणजे बंद. 'जागेपुरतं' म्हणजे आसपासच्या सेटांचं बोलणं आपसातच राहतं. आणि 'लांबचं' म्हणजे तेच बोलणं थेट जिल्ह्याच्या कंट्रोल रूमपर्यंत पोचतं. शिवाय दोन गाड्या एकाच ठिकाणी आल्या, तर आधी आलेली बोलते आणि दुसरी जागी राहून गप्प बसते. पहिली निघून गेली की दुसरी आपोआप काम हातात घेते. दोन जावांसारखं आहे हे. एक चुलीपुढं असली की दुसरी बाजूला थांबते, पण पदर खोचलेला असतो. शाळेतल्या पोराला कळेल इतकं सोपं. पण साहेबाला कळेल इतकं सोपं यंत्र अजून कुणी बनवलेलं नाही.

परभणी

पुरात माणसं वाचवण्यासाठी तिथल्या तरुणांनी एक गट केलाय. त्यांची एक जुनी जीप. तिच्यात मी एक रिपीटर बसवला आणि दुसरा साहेबांच्या नव्या पांढऱ्या गाडीत. साहेब कुठल्या खात्याचे ते लिहीत नाही. लिहिलं तर बाकीच्या खात्यांना वाटेल, आमच्याकडे असा एकही नाही की काय.

मे महिना. मिरजेतही उन्हाळा असतो, पण परभणीचं ऊन अंगावर बसतं आणि उठत नाही. अशा उन्हात, पत्र्याच्या हॉलमध्ये, माझा शिकवण्याचा तास. निम्मा झाला असेल नसेल, तोच साहेब आले आणि सगळं थांबलं. का? तर माझा सत्कार! नारळ दिला, हार घातला आणि खांद्यावर लोकरीची शाल टाकली. मे महिन्यात, लोकरीची! मग भाषणं झाली. साहेबांनी स्वतःच्या कॉलेजातल्या गमती सांगितल्या. माझी एक गोष्ट शिकवायची राहिली होती. गाडी नसेल तेव्हा सेटावरचं एक बटण दाबून, समोर दिसणाऱ्या माणसाशी थेट बोलता येतं, ते बटण. मी म्हटलं, "साहेब, दहा मिनिटं द्या. महत्त्वाचं राहिलंय."

"मॅडम, पोरं हुशार आहेत. वापरता वापरता शिकतील. तुम्ही चहा घ्या."

घामाच्या धारा पुसत मी चहा घेतला. अजून मला त्या चहाचा राग येतो.

रात्रीचं जेवण मात्र असं, की राग विसरावा. ज्वारीची कडक भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आणि तेल घालून कालवलेली काराळ्याची चटणी. आम्ही तिकडं तांबड्या रश्श्याच्या गप्पा मारतो, पण येसराची आमटी भुरकताना मला घर आठवलं नाही, हे कबूल करते.

पेडगाव

जीप चालवणारे बाबाराव पेडगावचे. पन्नाशीचे, बोलायला मऊ. सकाळी त्यांच्याच घरी नेलं. त्यांच्या मालकीणबाईंनी धपाटे आणि दही पुढं ठेवलं आणि दोन खाऊन झाल्यावर विचारलं, "कामून थांबलाव? ग्वाड लागना का?" आमच्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणाला की पुरे. इथं 'पुरे' म्हणजे आणखी दोन, हे मला तिसऱ्या धपाट्याला कळलं.

गावाबाहेर लिंबाखाली दोन्ही गाड्या लावून आम्ही चाचणी घेतली. साहेबांचा ड्रायव्हर गजानन, हसऱ्या तोंडाचा माणूस. मी खटका 'जागेपुरतं'वर ठेवला की हा हळूच 'लांबचं'वर न्यायचा. मी विचारलं, "असं का करता?"

"साहेबाची गाडी हाय मॅडम. ती जागेपुरती कशी ऱ्हाईल? बरं दिसत न्हाई."

मी कपाळाला हात लावला. थोड्या वेळानं हेच गजाननराव शेताच्या कडेला बसून सेटावर बाबारावांना सांगत होते, "येलदरीला साहेबासाठी मरळ मासा सांगून ठिवलाय. पन काटे काढून द्यावं लागतेत बरं का, लहान लेकरागत." तेवढ्यात सेटातून परभणीच्या कंट्रोल रूममधला माणूस गंभीर आवाजात बोलला, "गजाननराव, काटे काढा, पन आधी खटका बघा. हितं समदं हापिस ऐकायलंय." गजानन ताडकन उठून गाडीकडं पळाला. बाबाराव हसून हसून बांधावर आडवे झाले. मीही हसले. यंत्र आपलं काम चोख करत होतं, मग हसायला काय जातंय!

पोखर्णी

दुपारी पोखर्णीला नृसिंहाचं दर्शन घेतलं, दगडी सावलीत जरा टेकले. देवळाबाहेर साहेब भेटले. दोन गाड्यांत आधी आलेली बोलते आणि दुसरी गप्प राहते, हे त्यांना तोवर कुणीतरी सांगितलं होतं. त्यांचा चेहराच सांगत होता की पटलेलं नाही.

"म्हणजे जीप आधी पोचली तर माझी गाडी गप्प बसणार?"

"हो साहेब. दोघी एकदम बोलल्या तर कुणाचंच कळणार नाही."

"मग माझी गाडी कायम पहिली करून ठेवा."

"तसं करता येतं, पण करू नये. तुम्ही हिंडते-फिरते माणूस. जी गाडी जागेवर थांबणार तिनंच बोलावं."

"मॅडम," साहेब आवाज उतरवून म्हणाले, "हा मानाचा प्रश्न आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "साहेब, यंत्राला मान कळत नाही. त्याला फक्त वीज कळते." बाबाराव खाली बघत पायानं माती उकरत होते. साहेब गाडीकडं वळले. मला वाटलं, विषय संपला. कसला संपतोय! पालथ्या घड्यावर पाणी.

येलदरी

येलदरीचा जलाशय उन्हाळ्यात मागे हटतो. जिथं पावसाळ्यात होड्या फिरतात तिथं भेगाळलेला गाळ, आणि पाण्यातून टेकड्यांचे बोडके माथे वर आलेले. धरणाच्या भिंतीपासून लांब, काठावरच्या एका वस्तीत धोंडिबा आणि सरूबाईच्या घरी आम्ही उतरलो. धोंडिबा मासे धरतो. जोडीला थोडी शेतीही आहे. सरूबाई त्याच्या दुप्पट बोलते. तिनं मरळ मासा केला होता, येसर घालूनच. मला काटे काढून कुणी दिले नाहीत, आणि मी ताट चाटून पुसून खाल्लं.

दुसऱ्या दिवशी पुराची तालीम होती. पाण्यातल्या टेकडीवर एक माणूस अडकलंय, ते सेटवरून हाक मारतंय, आदेश निघतो, होडी जाते आणि त्याला आणते, असा सगळा बेत. अडकलेलं माणूस व्हायला गड्यांपैकी कुणी तयार होईना. एकमेकांना ढकलायला लागले. सरूबाईनं पदर खोचला. "मराचं सोंग घ्यायला बी बाईच लागते व्हय? चला, मी बसते. हितं दोन घटकांचं तर काम हाय."

तालीम सकाळी लवकर होती. साहेब ऊन चढल्यावर आले. तोवर सगळे ताटकळत. जीप केव्हाची चढावर उभी होती, यंत्र चालू. मग पांढरी गाडी आली, तिच्या शेजारी लागली. सगळ्या सेटांवरून बोलून बघितलं, आवाज खणखणीत. होडीनं सरूबाईला टेकडीवर सोडलं. तिथं झाड नाही, झुडूप नाही, तापलेला काळा दगड फक्त. हातात एक सेट आणि पाण्याची छोटी बाटली. "पोचले," तिचा आवाज सेटवर आला. "लवकर न्या बरं, पाय भाजायलेत."

होडी घेऊन धोंडिबा डोंगराच्या सोंडेपलीकडं जाऊन थांबला. साहेबांची ताकीद होती, आदेश आल्याशिवाय होडी हलवायची नाही, कारण किती वेळात सुटका होते ते मोजायचं आहे. आणि मला काय सांगितलं? मंडपात बसून पाहुण्यांना माहिती द्या!

दिली माहिती. पाहुणे वारा घालत होते स्वतःला. मंडपातून ती टेकडी लांब, पाण्याच्या लखलखाटात तपकिरी ढेकळासारखी दिसत होती. माणूस काही दिसत नव्हतं. वेळ जायला लागला. सेटवर काहीच नाही. मी शेजारच्याला विचारलं, "तालीम सुरू का होत नाही?"

"साहेब जेवायला गेलेत मॅडम. रेस्ट हाऊसला. आले की सुरू."

"आणि टेकडीवरची बाई?"

"तिनं काई म्हनलं न्हाई की. सेट हाय तिच्याकडं."

साहेब जेवायला गेले म्हणजे कशातून गेले, हे आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. मी सेट उचलला, बटण दाबलं. एरवी बटण सोडलं की यंत्राचा खर्र असा आवाज मागं येतो. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. मग थेट बोलायचं बटण दाबून मी ओरडले, "सरूबाई, ऐकू येतंय का? सरूबाई!" उत्तर नाही. सेट हातात घेऊन मी त्या उन्हात चढ चढायला लागले. या वयात मी पळत नाही. त्या दिवशी पळाले.

वर पांढऱ्या गाडीची जागा रिकामी. जीप होती. जीपच्या सावलीला बाबाराव पाण्याकडं बघत निवांत बसलेले. मी खिडकीतून आत डोकावले. यंत्राचा खटका 'बंद'वर.

"बाबाराव! हे कुणी बंद केलं?"

"मीच की," ते दचकून उठले. "साहेबाची गाडी आली तवा बंद केलं. गजानन म्हनला साहेबाचीच पयली ठिवायची. मग त्यांची चालू असताना आपली बी चालू ठिवायची, म्हंजी मोठ्या मानसाच्या बोलन्यात तोंड घातल्यावानी झालं. बरं दिसतंय का?"

"अहो पण ते गेले ना निघून!"

"गेले, पन चालू कर असं कोन म्हनलं न्हाई."

काय बोलावं या माणसाला? कुणाचं वाईट चिंतणारा नाही. घरात वडीलधारं आलं की बोलणं थांबवायचं, उठून उभं राहायचं, हे त्याच्या हाडात भिनलेलं. तेच त्यानं यंत्राला लावलं. यंत्र आपणहून गप्प बसलं असतं आणि वेळ आली तेव्हा बोललंही असतं. याच्या अदबीनं त्याची जीभच कापली. मला त्याचा राग आला, पण त्याहून त्या 'मानाच्या प्रश्ना'चा आला. मी दार उघडून खटका ओढला.

यंत्राचा दिवा लागला, आणि लागल्याबरोबर सरूबाईचा आवाज आला. हाक नव्हती ती. बारीक, घोगरा आवाज, वाक्य मध्येच सुरू झालेलं: "...कुनीच ऐकाना. पानी सरलं. डोळ्यापुढं अंधारी यायलीय गं माय. कुनी हाय का..."

ती तोवर सारखं बोलत होती! कुणालाही ऐकू न जाता.

"सरूबाई, मी ऐकतेय! धोंडिबा, होडी काढा! आत्ता काढा!"

हे सांगायची गरजच नव्हती. धोंडिबाच्या सेटवरही तोच आवाज त्याच क्षणी गेला होता. डोंगराच्या सोंडेमागून त्याच्या इंजिनाची धडधड आली आणि होडी बाहेर पडली. बायकोपासून एवढ्याशा अंतरावर तो माणूस हातात सेट घेऊन बसला होता. सेटवर बोलणं येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं समजून. नंतर तो हेच पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मला वाटलं, बोलना म्हंजी बरी हाय. ती गप बसन्यातली न्हाई, मला कळाया पायजे हुतं."

तिला आणलं तेव्हा तिची कातडी कोरडी आणि चटका बसावा अशी गरम. होडीतच ओकली होती. पाहुण्यांत एक नर्सताई होत्या म्हणून निभावलं. त्यांनी तिला मंडपाच्या सावलीत आडवं केलं, ओल्या धोतरानं अंग गुंडाळलं, चार बायकांना वारा घालायला लावलं. शुद्धीवर आल्यावर घोट घोट मीठ-साखरेचं पाणी दिलं. दवाखान्यात न्यावं म्हटलं तर थंड हवेची एकच गाडी तिथं होती, आणि ती रेस्ट हाऊसच्या दारात उभी! तिथं निरोप्या पळाला, तर साहेबांचं जेवणाचं पान अजून लागायचं होतं म्हणे. जीपमधून न्यायचं तर पुन्हा ऊन. नर्सताई म्हणाल्या, ताप उतरतोय, हलवू नका. आम्ही हलवलं नाही. धोंडिबा तिच्या पायाशी बसून राहिला, सेट अजून त्याच्या मुठीत.

उन्हं कलल्यावर तिनं डोळे नीट उघडले. मला बघून म्हणाली, "अक्का, तुमचा आवाज आला हुता मला. सरूबाई, सरूबाई म्हनलात. मी बोलले की तुमाला. कामून ऐकू आलं न्हाई?"

मला रडू फुटलं. थेट बोलायच्या बटणावरून मी बोललेलं तिला पोचलं होतं. तेच बटण तिनं दाबलं असतं तर तिचं मला पोचलं असतं. पण ते बटण कुठं आहे हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं, आणि दाखवायच्या वेळेला माझ्या खांद्यावर शाल चढत होती. ती शाल मी बाबारावांच्या जीपमध्ये टाकून आले. त्यांनी तिनं काच पुसावी.

आणि मग वरातीमागून घोडं आलं. पांढरी गाडी उतरली. साहेब तोंडात पान घेऊन मंडपात शिरले, बरोबर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक माणूस. झाला प्रकार त्यांना सांगितला. कुणी हळू सांगितला, मी जोरात सांगितला. मी काय काय बोलले ते सगळं इथं लिहिता येणार नाही. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, सरूबाईकडं वाकून बघितलं.

"आता बऱ्या दिसतात," ते म्हणाले. "म्हणजे सुटका झाली, यंत्रणा चालली. छान. फक्त फोटो राहिलाय. आता ऊनही उतरलंय. बाईंना जरा पाच मिनिटं टेकडीवर बसवलं की होडी येतानाचा एक—"

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी सरूबाई बोलली. कोपरावर रेटा देऊन ती उठून बसली. आवाज अजून घोगराच होता.

"घ्या की फोटो साहेब. टेकडी हाय तिथंच हाय. आता तुमी जाऊन बसा. आमी जेवून येतो."

साहेब हसले. दुसरं कुणीच हसलं नाही. गजाननसुद्धा नाही. धोंडिबा उठला, पाण्याकडं गेला, होडीची दोरी सोडली. मुठीतला सेट साहेबांच्या दिशेनं पुढं केला आणि दुसऱ्या हातानं होडी काठाला घट्ट धरून उभा राहिला.

"या साहेब," तो म्हणाला. "बसा."